मागच्या सीटची स्प्रिंग

सायकलची फ्रेम काढते, असं मी सांगितलं की निम्मे लोक विचारायचे, ‘कुठून काढता?’ जणू मी चोरीच्या सायकली सोडवून विकते. मग सांगावं लागायचं की काढते म्हणजे कागदावर काढते. पुढे कागद गेला, कॉम्प्युटर आला, तरी प्रश्न तोच राहिला. आता निवृत्त झाल्यावर उत्तर देणं बंद केलं आहे. कारखान्यात होते म्हणते आणि विषय संपवते.

खालापूर तालुक्यातल्या त्या कारखान्यात मी लागले ती आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स करून. नावातच ‘मन’ असल्यामुळे त्यात एखादी बाई बसेल असं कोणाला वाटलं नसावं. वर्गात मी एकटीच होते आणि कारखान्याच्या ड्रॉइंग खात्यातही. सुरुवातीला काम असं काही नव्हतंच. काळी सायकल माझ्या वडिलांच्या जन्माआधीच कोणीतरी पक्की करून ठेवली होती. मी फक्त तिच्या नळ्यांची मापं पुन्हा पुन्हा उतरवत होते. मग बाजारात पुढे-मागे दोन्हीकडे धक्का शोषणारी ‘डबल शॉकर’ आली आणि माझी खरी नोकरी सुरू झाली.

साध्या सायकलीत मागचं चाक फ्रेमला घट्ट धरलेलं असतं. खड्ड्यात चाक उडालं की फ्रेम उडते, आणि फ्रेमवर बसलेला माणूसही. मागे शॉकर द्यायचा तर आधी फ्रेमचे दोन तुकडे करावे लागतात. पुढच्या तुकड्यावर सीट, हँडल आणि पेडल. मागच्या तुकड्यात नुसतं चाक. दोघांना जोडणारी एक बिजागरी, दाराला असते तशी, आणि मध्ये स्प्रिंग. झालं. पण ती बिजागरी कुठे बसवायची, यात माणसाचं आयुष्य जातं. वर घेतली तर चाक खड्ड्यातून सुरेख उचललं जातं, पण चेन ताणली जाते आणि पेडल पायाला लाथ मारतं. खाली पेडलजवळ आणली तर चेन शांत राहते, पण माणूस पाय मारेल तशी सायकल खाली-वर डुलते आणि निम्मी ताकद स्प्रिंग दाबण्यातच जाते. दोन्ही सुखं एकदम मिळत नाहीत. मी ती बिजागरी थोडी इकडे, थोडी तिकडे करत वर्षं काढली.

आणि हे सगळं करून गिऱ्हाईक काय बघायचं? शिळफाट्यावर आमचा माल विकणारा एक दुकानदार होता. त्यानं मला एकदा दुकानात उभं राहून बघायला सांगितलं. बाप मुलाला घेऊन यायचा, सीटवर तळहात ठेवून दोनदा दाबायचा, सायकल खाली-वर झाली की खूश व्हायचा. बिजागरी कुठे आहे हे एकानंही वाकून पाहिलं नाही. दुकानदाराची माझ्याकडे एकच मागणी होती, स्प्रिंग लाल रंगाची करा, लांबून दिसली पाहिजे. आमच्या शेठना ते लगेच पटलं. मी महिनाभर खपून बसवलेल्या सांध्यापेक्षा त्या लाल रंगानं जास्त सायकली खपवल्या, हे मान्य करायलाच हवं.

उलट गिऱ्हाइकंही भेटली. पळसदरीला शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्या एका गृहस्थांच्या परदेशी सायकलचा मागचा शॉकर बसला होता. कोणीतरी त्यांना माझ्याकडे धाडलं. मी तो उघडून, धुऊन, सील बदलून दिला. दुसऱ्या आठवड्यात ते परत आले आणि म्हणाले की आता सायकल फारच मऊ लागते, रस्ता कळतच नाही, व्यायाम झाल्यासारखा वाटत नाही. मी शॉकरचा लॉक फिरवून तो बंद करून दिला. ते समाधानानं गेले.

अशा कामात माणूस हळूहळू थकतो. अंग नाही थकत, कामावरचा जीव थकतो. मी त्या टप्प्यावर असताना दत्ता ठोंबरे कारखान्याच्या फाटकाशी आला.

जून महिना होता, शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. वॉचमननं आत निरोप पाठवला की एक माणूस सायकल घेऊन आलाय, जात नाही, भांडतही नाही, नुसता उभा आहे. शेठ बाहेरगावी होते म्हणून मी गेले. चाळिशीच्या आतला, उन्हानं रापलेला माणूस होता. कडावच्या पलीकडच्या एका वाडीतला. थोडं भाताचं शेत आणि जवळच्या फार्महाऊसवर माळीकाम. आमचीच डबल शॉकर त्यानं भिंतीला टेकवली होती. मागच्या बाजूला बाजारातला कॅरियर बसवून त्यावर उशी बांधली होती.

मी विचारलं, काय तक्रार आहे? त्यानं स्प्रिंगवर बोट ठेवलं.

“मॅडम, ही कशाला लावलीय तेवडं सांगा मला.”

मग हळूहळू कळलं. त्याची मुलगी ऋतुजा तिसरीत होती. तिची हाडं जन्मापासून ठिसूळ. साध्या धक्क्यानं, कधी नुसतं कुशीवर वळताना हाड मोडायचं. वाडीपासून कडावच्या शाळेपर्यंत एसटी नव्हती. शेअर रिक्षात माणसं कोंबलेली, त्यात तिला कोणाचं कोपरही लागून चालणार नव्हतं. म्हणून दत्तानं शॉकरवाली सायकल घेतली, कॅरियरवर उशी बांधली आणि तिला हळूहळू नेऊ लागला. तिसऱ्या की चौथ्या दिवशी रस्त्यातल्या एका मोरीवर सायकल आपटली आणि पोरीच्या मांडीचं हाड मोडलं. ती आता प्लास्टरमध्ये घरी होती. स्प्रिंग असूनही असं कसं झालं, एवढंच त्याला विचारायचं होतं.

मी सायकलजवळ बसले आणि मला लगेच दिसलं. कॅरियर मागच्या तुकड्याला बांधला होता, चाकाच्या तुकड्याला. दत्ता पुढच्या तुकड्यावर, म्हणजे स्प्रिंगच्या वर बसत होता. पोर स्प्रिंगच्या खाली. चाकाला बसलेला प्रत्येक धक्का सरळ तिच्या अंगात जात होता आणि तिच्या पुढ्यात बसलेल्या बापाला तो कळतही नव्हता.

हे त्याला सांगणं मला जड गेलं. शेवटी सांगितलं. त्यानं कॅरियरवरची उशी दाबून बघितली. मग म्हणाला, “म्हंजे मला मऊ लागत हुतं, म्हून मी जरा जोरात नेली.”

त्याला मी त्या दिवशी काहीच कबूल केलं नाही. सायकल मात्र ठेवून घेतली.

शेठ आल्यावर मी त्यांना विचारलं. ते वाईट मनाचे नव्हते, पण धंद्याचे होते. म्हणाले, एका माणसासाठी फ्रेम करत बसलीस तर उद्या फाटकाशी रांग लागेल. मग भंगारातल्या नळ्या घे, सुट्टीच्या दिवशी कर आणि कंपनीचं नाव घालू नकोस, असं सांगून मोकळे झाले. आमचे वेल्डर सलीमभाई रविवारी यायला तयार झाले. ते कमी बोलत आणि वेल्ड मात्र असा मारत की शिवणकाम वाटावं.

काम वाटलं त्याहून अवघड निघालं. मुलीची सीट पुढच्या तुकड्यावर घ्यायची म्हणजे तिथून मागे एक दांडा काढून चाकाच्या वर तरंगती ठेवायची. ती फार मागे गेली तर हँडल हलकं होतं आणि सायकल भरकटते. मी सीट बापाच्या पाठीला जवळजवळ चिकटवली आणि चाक मागे सरकवलं. सायकल लांबुळकी झाली, दिसायला अगदी विचित्र.

मग स्प्रिंग. आमची लाल स्प्रिंग नुसती स्प्रिंग होती, आत तेल नव्हतं. नुसती स्प्रिंग धक्का गिळते आणि लगेच परत ओकते. तो धक्का जिरवायला तेलाचा शॉकर लागतो. नवा परवडणारा नव्हता. शिळफाट्याच्या गॅरेजमधून एका जुन्या स्कूटरचा मिळाला, पण तो सायकलला दगडासारखा. मी त्याची जागा बिजागरीच्या अगदी जवळ घेतली. दार बिजागरीपाशी ढकललं तर हलत नाही आणि कडीपाशी बोटानं हलतं, तोच प्रकार; चाकाला लांब दांडा मिळाला आणि दगड मऊ झाला. वरची स्प्रिंग खोपोलीतल्या एका कारागिराकडून मुद्दाम बारीक तारेची गुंडाळून घेतली, बाप आणि लेक दोघांचं वजन धरून.

मुलीच्या वजनाइतका तांदूळ पोत्यात भरून आम्ही ते सीटवर बांधलं. दत्तानं कारखान्याच्या मागच्या कच्च्या रस्त्यावर सायकल चालवली आणि सलीमभाई आणि मी मागून पोतं बघत चालत राहिलो. पहिल्यांदा ते उड्या मारत होतं. शॉकरमध्ये दाट तेल घातलं. पुढच्या रविवारी पोतं डुललं, पण उडालं नाही. दत्ताला आनंद झाला. मला झाला नाही. पोत्याला हाडं नसतात, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

प्लास्टर निघाल्यावर सायकल घेऊन मी आणि सलीमभाई टेंपोनं त्यांच्या वाडीवर गेलो. दत्ताची बायको सुनंदा दारातच उभी होती. तिनं सायकलकडे पाहिलं आणि मला स्पष्ट सांगितलं.

“ताई, तुमी चांगल्या मनानं केलं आसंल. पर माज्या पोरीवर करून बघायचं नाय.”

तिचं बरोबर होतं. मी सलीमभाईंना म्हणाले, चला. तेवढ्यात आतून ऋतुजा आली, भिंतीला धरत. वयाच्या मानानं फार लहानखुरी, डोळे मोठे, केसांना रिबिनी. ती सरळ सायकलपाशी गेली, सीटला हात लावून बघितला आणि मला विचारलं की हिच्यावर बसलं तर शाळेत रोज जाता येईल का. मी म्हटलं, जमेल असं वाटतं, पण खात्री नाही. तिनं आईकडे पाहिलं. माय-लेकीत काय झालं ते मला कळलं नाही, पण सुनंदानं डोळ्याला पदर लावला आणि स्वतः तिला उचलून सीटवर बसवलं, पट्टा आवळला आणि सायकलच्या बाजूनं चालू लागली.

वाडीबाहेर एक खड्डा होता. दत्ता नेहमीसारखा तो चुकवायला गेला, तर बाजूला चिखल होता. त्याला खड्ड्यातूनच न्यावी लागली. ऋतुजानं डोळे घट्ट मिटले. चाक खाली गेलं, वर आलं. सायकल थोडी पुढे गेल्यावर तिनं विचारलं, “गेला का खड्डा?”

माझ्या कामाचं मला एवढं एकच प्रशस्तिपत्रक मिळालं आहे.

त्यानंतर ती रोज शाळेत जाऊ लागली. मी मात्र एका नव्या काळजीनं थकत गेले, ती त्याच दिवसापासून. कारखान्यातून हजारो फ्रेमी बाहेर पडायच्या, त्यांच्यावर कोण बसतं याचा मी कधी विचार केला नव्हता. आता एका फ्रेमवर कोण बसतं हे मला ठाऊक होतं. एसटीला धक्का बसला की मला बिजागरीजवळ सलीमभाईंनी मारलेला तो मागचा जोड आठवायचा. पावसाळ्यात भाताच्या बांधावरचा चिखल बिजागरीत जायचा, तिच्या आतल्या नळकांड्या, म्हणजे बुश, झिजायचे, मागचं चाक खुळखुळायचं. दर जूनला दत्ता सायकल घेऊन यायचा. मी बुश बदलायचे आणि पोरीचं वजन वाढलं असेल तर स्प्रिंग. ते वजन सांगताना त्याचा चेहरा उजळायचा, मला मात्र पुन्हा हिशेब मांडावा लागायचा.

ती सातवीत असताना वार्षिक परीक्षेच्या तोंडावर तो आला. काही तक्रार नव्हती, वाटेवर होता म्हणून तेल घालायला आला होता. मी सवयीनं मागचा जोड घासून रॉकेलनं पुसला, कोरडा केला आणि वर खडूची पूड लावली. तडा असेल तर त्यात शिरलेलं रॉकेल पुडीतून वर येतं आणि ओली रेघ दिसते. तशी रेघ दिसली. केसाएवढी, बिजागरीच्या खालच्या बाजूला.

मी सायकल आत घेतली आणि दत्ताला म्हणाले की जोडाला तडा गेलाय, ही आता रस्त्यावर जाणार नाही.

“मॅडम, परीक्षा हाय तिची परवापासून. आठवडाभर चालू द्या, मंग करा काय ते.”

मी नाही म्हटलं. त्यानं पुन्हा पुन्हा सांगितलं, मी हळू चालवीन, उतरून ढकलत नेईन. मी कुलूप लावलं. माझ्याशी तो कधी आवाज चढवून बोलला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. एवढंच म्हणाला, “तुमीच सवय लावली शाळेची, आन् तुमीच बंद करता.” आणि चालत गेला.

ऋतुजाचे दोन पेपर बुडाले. मग सुनंदानं एका शेजाऱ्याच्या टेंपोत पुढे बसून, मांडीवर घेऊन तिला नेलं. टेंपोवाला पार कडावपर्यंत पहिल्या गिअरमध्ये गेला, असं नंतर कळलं. शाळेनं बुडालेले पेपर पुन्हा घेतले. आम्ही मागचा तुकडा नवा केला, जोडाला पट्टी मारून. तडा गेलेला जुना तुकडा सलीमभाईंनी शिकंज्यात धरून वाकवला तेव्हा तो हाताच्या जोरानं सुटला. त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला. दत्ता दुरुस्त सायकल न्यायला आला तेव्हा मी तो तुकडा त्याला दाखवला नाही. दाखवला असता तर बहुधा त्याचा राग गेला असता, पण त्याची झोपही गेली असती. तो वर्षभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलला. मी ते चालवून घेतलं.

तिची हाडं त्यानंतरही मोडली. एकदा वर्गात बाकावरून उठताना, एकदा घरात. सायकलवर नाही. याचा अभिमान बाळगावा की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दत्ता प्रत्येक वेळी सायकल घेऊन यायचा आणि मी प्रत्येक वेळी ती तपासायचे, जरी दोघांनाही ठाऊक होतं की सायकलचा काही संबंध नाही.

पुढे कारखान्याचं ड्रॉइंग खातं बंद झालं. फ्रेमी बाहेरूनच तयार येऊ लागल्या. आमच्याकडे फक्त रंग आणि जोडणी. शेठनी मला स्टोअरमध्ये बसवलं आणि तिथूनच मी निवृत्त झाले. सलीमभाई त्याआधीच डोळ्यांमुळे घरी बसले होते. दत्ता मग शिळफाट्याला माझ्या घरीच यायला लागला. माझ्या गॅलरीत थोडी हत्यारं आहेत, तेवढ्यात भागतं.

ऋतुजा बारावीनंतर पुण्याला गेली. अकाउंट्स शिकते, वसतिगृहात राहते, तिथे कॉलेजात चाकाची खुर्ची वापरते. मधून मधून फोन करते. गेल्या महिन्यात तिचा फोन आला, नेहमीसारख्या गप्पा झाल्या आणि मग जरा थांबून म्हणाली, “मॅडम, एक काम होतं. दिवाळीला मी येतेय, पण स्टेशनवरून घरी रिक्षानंच जाईन. आता रस्ता झालाय, रिक्षा पार दारापर्यंत येते. पप्पा सायकल घेऊन येतो म्हणतायत. मी आता त्या सीटवर नाही हो बसू शकत. मैत्रीण असणार आहे बरोबर. पप्पांना तुम्ही सांगाल का? मला नाही सांगता येणार.”

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवल्यावर उगाच म्हटलं असं वाटलं.

चारच दिवसांनी दत्ता आला. केस पिकलेत, कंबर धरते. सायकल जिन्याखाली लावून वर आला. म्हणाला की हल्ली फार आदळते. मला कारण माहीत होतं. स्प्रिंग दोघांच्या वजनाची आणि बसणारा एकटा; ती दबतच नाही. दोन वर्षं तो मोकळी सीट मागे घेऊन तसाच कामावर जात होता. मी म्हटलं, एकट्याची मऊ स्प्रिंग बसवून देते, माझ्याकडे जुनी आहे.

“नको. दिवाळीला येनार हाय ती. मऊ केली तर बसंल कशी?”

मी त्याला चहा दिला. त्यानं तो संपवला. मग मी सांगितलं. तिचेच शब्द सांगितले, रस्ता झालाय, रिक्षा दारापर्यंत येते. मैत्रिणीचं तेवढं वगळलं. दत्तानं रिकामा कप खाली ठेवला. मला वाटलं विचारेल, तुम्हाला का सांगितलं, मला का नाही. विचारलं नाही.

“रस्ता बाकी चांगला केलाय,” तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, “बदला मंग.”

आम्ही जिन्याखाली गेलो. माझी बोटं आता पहिल्यासारखी चालत नाहीत, स्प्रिंग दाबून धरायला त्यानंच मदत केली. मऊ स्प्रिंग बसवली, बिजागरीला ग्रीस भरलं. सीटचा दांडाही काढायचा का, असं विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही. त्यानं सोसायटीच्या आवारात एक फेरी मारली आणि बरी चालते म्हणाला.

काढलेली स्प्रिंग जमिनीवर पडली होती. लोखंड चांगलं होतं, मी ती ठेवून घेणार होते. दत्तानं ती उचलली, फडक्यानं पुसली, मागच्या सीटवर ठेवली आणि पडू नये म्हणून वरून पट्टा आवळला. मग फाटकातून बाहेर पडला.